एक ठिपका जास्त

मंगळवार, पौष महिना, सकाळची बैठक. स्थळ: बीडच्या बायपासवरचं आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस. हजर: मालक बाळासाहेब, ट्रकांना ट्रॅकर बसवून देणाऱ्या कंपनीचे तरुण इंजिनिअर, ऑफिस सांभाळणारी मी, आणि बिरूमामा (उभे). विषय: कपाटात एक ट्रॅकर कमी, नकाशावर एक ठिपका जास्त.

बैठकीचा वृत्तांत मी लिहिते. कोण बसलं आणि कोण उभं राहिलं हे त्यात लिहायची पद्धत नाही. पण मामांच्या बाबतीत ते लिहावं लागतं, कारण आमची एखादी गाडी घाटात असली की बिरूमामा खुर्चीत बसत नाहीत. गाडीने चढ धरला की उठतात. गाडी माथ्यावर पोचली की बसतात. "गाडी तिकडं धापा टाकतीय आन् म्या हितं बूड टेकवू का?" असं त्यांचं म्हणणं आहे.

कापसाच्या हंगामात गाड्या एकामागून एक घाट चढतात. तेव्हा मामा डबासुद्धा उभ्यानेच खातात. एकदा विम्याच्या कामासाठी एक गृहस्थ आले. वयस्कर माणूस उभा आहे म्हणून तेही उभे राहिले. मामा त्यांना "बसा" म्हणाले, ते मामांना "आधी तुम्ही" म्हणाले. दोघांनी बराच वेळ एकमेकांचा असा मान राखला. शेवटी ते गृहस्थ कागद तिथेच ठेवून उभ्याउभ्याच परत गेले. गाडी अजून अर्ध्या घाटात होती.

मामांनी आयुष्यभर ट्रक चालवला. डोळ्यांचा नंबर वाढला तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना स्टिअरिंगवरून उठवलं आणि ऑफिसात पडद्यासमोर बसवलं. घरी मामा एकटेच असतात. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यामुळे ऑफिस उघडायला मी येते तेव्हा मामा पायरीवर आधीच बसलेले असतात. आत आले की चपला दाराशी काढतात, पडद्यासमोर उभे राहतात आणि एकेका ठिपक्याला नाव घेऊन राम राम करतात. "राम राम शिवाजी. राम राम गफूर. काय बे लक्ष्मण, अजून झोपलास व्हय?" लक्ष्मणचा ठिपका तेव्हा नांदेडच्या पुढे कुठेतरी उभा असतो.

हे ठिपके आमच्याकडे आले ते चोऱ्यांमुळे. घाटात भरलेला ट्रक माणसाच्या चालीने चढतो. तेवढ्यात मागून एकजण वर चढतो, ताडपत्री फाडतो आणि पोती खाली सोडतो. खालचे साथीदार ती उचलतात. ड्रायव्हरला काहीच कळत नाही. माल उतरवायच्या ठिकाणी ताडपत्री सोडली की कळतं, आणि मग पहिला संशय ड्रायव्हरवरच येतो. मामांवरही एकदा आला होता. तो प्रसंग ते सांगत नाहीत. फक्त घाटाचं नाव निघालं की मिशी चावतात.

म्हणून बाळासाहेबांनी प्रत्येक ट्रकला एक ट्रॅकर कायमचा जोडून घेतला. शिवाय साबणाच्या वडीएवढे, बॅटरीवर चालणारे काही सुटे ट्रॅकरही घेतले. हे सुटे मालात लपवायचे. ट्रकचा ठिपका आणि मालाचा ठिपका सोबत चालले पाहिजेत. मालाचा मागे राहिला तर पोतं खाली पडलं असं समजायचं.

'ट्रॅकर' हा शब्द मात्र आमच्याकडे चालला नाही. मी एकदा फोनवर गफूरला विचारलं, "ट्रॅकर चालू आहे का?" तो म्हणाला, "ताई, आपल्याकडं ट्रॅक्टर कुठाय?" दुसऱ्या दिवशी मामांनी सगळ्या ड्रायव्हरांना सांगून टाकलं, "यंत्र म्हणायचं." तेव्हापासून आमच्याकडे ते यंत्र आहे. पुढे जे घडलं त्याला हा शब्दच कारणीभूत आहे, म्हणून तो इथे नोंदवून ठेवते.

मामांनी यंत्राची भाषाही बदलली. पडद्यावर प्रत्येक गाडीपुढे तिची अवस्था दिसते. ती मराठीत करायची तेव्हा मामांनी इंजिनिअरांना शब्द सुचवले आणि त्या बिचाऱ्यांनी ते तसेच भरले. आमच्या पडद्यावर चालती गाडी 'खुशाल' असते. थांबलेली 'दम खातंय' असते. सिग्नल तुटलेली 'रुसलंय' असते. एकदा बाळासाहेबांनी बाहेरून आलेल्या मोठ्या व्यापाऱ्याला कौतुकाने पडदा दाखवला. त्याने विचारलं, माझा माल कुठाय? पडद्यावर आलं: रुसलंय.

घाटाच्या पायथ्याशी एक म्हसोबा आहे. तिथे नारळ फोडल्याशिवाय आमचा एकही ड्रायव्हर चढाला लागत नाही. यंत्राला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. ते दर वेळी 'विनापरवाना थांबा' म्हणून बोंब मारायचं. मामांनी त्यावर उपाय काढला. मंजूर थांब्यांच्या यादीत, जिथे आपले ग्राहक असतात, तिथे त्यांनी म्हसोबाचं नाव घातलं. महिनाअखेरीचा अहवाल बाळासाहेबांपुढे गेला. त्यात आमच्या सर्वाधिक गाड्या म्हसोबाकडे जाऊन आल्या होत्या.

"हा म्हसोबा कोण? एवढ्या गाड्या जातेत, माल काय उतरतोय तिथं?" बाळासाहेबांनी विचारलं.

"नारळ," मामा म्हणाले.

असं असलं तरी यंत्रामुळे एक चोरी पकडली गेली, आणि ती मामांनी पकडली. सोयाबीनची गाडी चढत होती, मामा उभे होते, आणि एकदम ओरडले, "जुळं फुटलं! बाई, जुळं फुटलं!" मी धावत गेले. ट्रकचा ठिपका पुढे चालला होता, पोत्याचा मागे राहिला होता. मामांनी ठाण्याला फोन लावला आणि जागा सांगितली: "फिरोजभाईचं टायरचं दुकान होतं ना, तिथून पुढं लिंबाच्या झाडापाशी." ठाण्यावरचे साहेब नवीन होते. दुकान कधीच उठलं होतं आणि लिंब रस्ता रुंद करताना तोडला होता. मामा फोनवर तोडलेल्या झाडाची फांदीन् फांदी समजावून सांगू लागले. मी दुसऱ्या फोनवरून साहेबांना नकाशावरची खूण पाठवली. पोती ज्वारीच्या रानात सापडली. चोर पळाले, पण माल मिळाला आणि ड्रायव्हरचं नाव साफ राहिलं. मामा दिवसभर म्हणत होते, "लिंब असता तर अजून लवकर घावले असते."

सुट्या यंत्रांची चार्जिंग मामांकडे असते. मी त्यांना लवकर चार्ज करणारा नवा चार्जर आणून दिला होता. त्यांनी तो डब्यातसुद्धा परत घातला नाही, तसाच माझ्या टेबलावर आणून ठेवला. "बाई, हे लई घाई करतंय," म्हणाले. जुना मंद चार्जर त्यांनी आपल्याकडेच ठेवला. वस्तू जपणारा माणूस आहे असं मी समजले.

दिवाळीनंतर आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. एके दिवशी मामा सकाळपासून उभे होते. दुपारी उभे, चहाला उभे, संध्याकाळी मी कपाटाला कुलूप लावलं तरी उभे. मी पडदा पाहिला. आमची एकही गाडी घाटात नव्हती. दोन गाड्या तर दारातच धुवायला लावल्या होत्या. "मामा, कंबर धरली का?" मी विचारलं. "हां, जरा धरलीय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मलम आणून दिलं. त्यांनी ते निमूट घेतलं.

आता बैठकीकडे येते.

इंजिनिअर दर काही महिन्यांनी यंत्रं तपासायला येतात. त्यांनी कपाटातली सुटी यंत्रं मोजली. एक कमी होतं. मग त्यांनी आपल्या लॅपटॉपवर नकाशा उघडला. आमच्या पडद्यावरून कोणीतरी लपवून ठेवलेला एक ठिपका त्यांच्याकडे दिसला. तो कोकणात होता, सह्याद्रीचा घाट उतरून बराच पुढे. रस्त्यावर नव्हता. आसपास कुठेही रस्ता नव्हता.

"ही गाडी शेतातून चालते," इंजिनिअर म्हणाले. "परवा एका ओढ्यात थांबली होती. वेग माणसाच्या चालीएवढा आहे."

बाळासाहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे आपला माल फोडून कुणीतरी कोकणात नेला, आन् आपल्याला पत्ता न्हाई? बाई, हे यंत्र शेवटचं कुणाच्या मालात होतं?"

मी वही पाहिली. शिवाजीच्या सरकीच्या पोत्यांत होतं.

"बस झालं," बाळासाहेब म्हणाले. "एवढ्या दिवसाचं माणूस, आन् घरातच चोर? लावा त्याला फोन. आज गाडी खाली झाली की चावी काढून घेतो त्याची. दुपारी ठाण्यात जाऊ."

शिवाजीच्या दोन मुली शाळेत आहेत आणि ट्रकशिवाय त्याला दुसरं काही येत नाही. मी फोनकडे हात नेला. तेवढ्यात मामांनी आपला पंजा फोनवर ठेवला.

"घाटात फोन लावायचा न्हाई."

"मामा, इथं चोरी झालीय!"

"झाली असंल. शिवाजी मधल्या वळणाला हाय. वर चढू द्या. मग तुमी काय इचारायचं ते इचारा, म्या सांगतो."

"तुमी काय सांगता? यंत्र शिवाजीकडं होतं!"

"चढू द्या, मालक."

आम्ही थांबलो. वृत्तांतात या वेळात काय झालं ते लिहायचं म्हणजे इतकंच: बाळासाहेबांनी पंखा बंद केला, मग चालू केला. इंजिनिअरांनी चहा मागवला. मामा पडद्याकडे पाहत उभे होते आणि शिवाजीचा ठिपका मुंगीसारखा वर सरकत होता. माथ्याला पोचला. 'खुशाल'. मामा खुर्चीत बसले. चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले,

"शिवाजीला काय म्हणू नका. त्यानं यंत्र माझ्याकडं परत दिलतं. ते आता माझ्या आक्काच्या घोडीच्या गळ्यात हाय."

मी पेन उचललं, पण हे कोणत्या मुद्द्याखाली लिहावं ते ठरेना.

मामांची आक्का मेंढरांमागे असते. आष्टीकडच्या त्यांच्या गावाहून दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं, चारत चारत घाट उतरून कोकणात जायचं आणि मृगाच्या आधी परत यायचं, असं तिचं वर्ष असतं. बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर. कोणाच्या तरी शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, दुसऱ्या दिवशी पुढचं शेत. आई लहानपणी गेल्यावर मामांना तिनेच वाढवलं, त्याच कळपामागे चालवत. मामा मिसरूड फुटल्यावर एका ट्रकमध्ये चढले आणि परत खाली उतरले नाहीत. ते आक्काला अजून पसंत नाही. फोन ती घेत नाही. "वाजलं की घोडी बुजतीया," म्हणते. त्यामुळे दिवाळी ते मृग ती कुठे आहे हे मामांना कधीच कळायचं नाही.

"मग यंत्र दिलं तिला," मामा म्हणाले. "तिनं इचारलं, काय हाय हे? म्या म्हणलं, यंत्र हाय. तिनं इचारलं, कशावरचं? म्या म्हणलं, चोरावरचं. खोटं बोललो का मालक? यंत्रच हाय, आन् चोरावरचंच हाय."

बाळासाहेबांना मान हलवावी लागली.

"तर तिनं डोक्याला लावलं. हळदकुकू वाहिलं. काळ्या दोऱ्यात ओवून घोडीच्या गळ्यात बांधलं. म्हणली, लांडग्यावर चालंल का? म्या म्हणलं, चालंल."

"पण मामा," इंजिनिअर म्हणाले, "त्याची बॅटरी महिन्याभरात संपते."

"संपतीच की. दिवा इझला की घाबरली. म्हणली, यंत्राचा जीव गेला. म्या म्हणलं, जीव न्हाई गेला, महिन्याला भारून द्यावं लागतं. म्हणली, कोण भारतंय? म्हणलं, म्याच. हापिसात शिकलोय."

इंजिनिअरांनी थोडा विचार केला. ते मराठी शाळेत शिकलेले आहेत. "चार्ज करणं म्हणजे भारणंच," ते म्हणाले. "आम्हाला पुस्तकात प्रभारित असाच शब्द होता. तांत्रिकदृष्ट्या मामांचं बरोबर आहे."

"बघा," मामा बाळासाहेबांना म्हणाले. "हे आपले तांत्रिक."

इंजिनिअरांच्या कार्डावर 'तांत्रिक सल्लागार' असं छापलेलं आहे. मामांनी ते कार्ड आक्काला नेऊन दाखवलं होतं. हळदकुकवाचा डाग पडून ते परत आलं होतं. मामांनी खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

बाळासाहेब कार्डाकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, "लांडगा आला का?"

"यंत्र बांधल्यापासून एकबी न्हाई."

"मेंढरं चोरीला?"

"न्हाई."

"कावून सांगितलं न्हाई आधी? मागितलं असतं तर दिलं नसतं का म्या?"

मामांनी कप खाली ठेवला. "काय म्हणून मागू, मालक? माझी बहीण सापडंना म्हणून? एवढा बाप्या माणूस."

निर्णय झाला तो असा. शिवाजीवर काही नाही. त्याला हे कळवायचंही नाही. यंत्र घोडीच्या गळ्यातच राहील, 'चालत्या मालाची चाचणी' या नावाखाली. इंजिनिअरांच्या अर्जात वाहनाचा प्रकार, क्रमांक आणि रंग भरावा लागतो. मी प्रकारात 'घोडी' लिहिलं, क्रमांकात 'नाही', रंगात 'तांबडा'. आणि तो ठिपका आता आमच्याही पडद्यावर उघडपणे दिसेल. आजवर मी टेबलावरून उठले की मामा तो उघडून पाहायचे आणि पुन्हा लपवायचे. मामांनी लगेच त्याला राम राम केला. दिवाळीनंतर घाट उतरायला घोडीला पूर्ण दिवस लागला होता, म्हणूनच त्या दिवशी मामा संध्याकाळपर्यंत उभे होते, हे मला तेव्हा उमगलं. मलमाची बाटली त्यांच्या खणात न उघडलेली होती.

निघताना इंजिनिअरांनी बॅगेतून एक डबी काढली. उन्हावर चालणारं नवं यंत्र, नमुन्यादाखल आणलेलं. "मामा, हे घोडीला बांधा. याला चार्जिंगच लागत नाही. तुमचा कोकणापर्यंतचा हेलपाटा वाचेल."

मामा "बरं बरं" म्हणाले. डबी मी ताब्यात घेतली आणि यादीत लिहिलं: घोडीचं यंत्र बदलणे. जबाबदारी: मामा. मुदत: या आठवड्यात.

बाळासाहेब आणि इंजिनिअर गेल्यावर मामा माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी टेबलाच्या कडेला नखाने बराच वेळ काहीतरी खरवडलं.

"बाई, ते उन्हावरचं नको."

"का हो? इतक्या लांब जाता, एसटीने, तेही या वयात. वाचेल ना सगळं."

"आमच्यात बिनकामाचं कुणी कुणाकडं जात न्हाई," मामा म्हणाले. "म्या गेलो की आक्का आधी इचारती, काय काम काढलंस? यंत्र दिल्यावर पहिले दोनदा असाच गेलतो. पाणी दिलं आन् म्हणली, काम न्हाई तर निघ, मेंढरं हाकायचीत. आता म्हणतो, यंत्र भारायला आलोय. मग बस म्हणती. लाल दिवा हिरवा होईस्तोवर उठू देत न्हाई. भाकरी करती. ठेचा करती. कोण मेलं, कोणाचं लगीन झालं, सगळं सांगती."

मग तो मंद चार्जर त्यांनी का सोडला नाही, हे मी विचारलं नाही.

"हिरवा झाला की मात्र म्हणती, झालं तुझं काम, जा आता." ते थोडं हसले. "हे उन्हावरचं बांधलं, तर म्या काय म्हणून जाऊ?"

माझ्या यादीतलं काम पुढच्या आठवड्यात ढकलायची मला सवय नाही. ढकललं की ते तांबड्या शाईने लिहायचं, हा माझाच नियम आहे. ती डबी माझ्या खणात आहे, न फोडलेली. आज यादी उतरवून काढताना सगळी कामं झाली होती. ताडपत्र्या आणल्या, गफूरची दोन टायरं बदलली, म्हसोबाला ग्राहकांतून काढून स्वतंत्र सदरात घेतलं. मामा आज नाहीत. जुना चार्जर आणि, रानात वीज नसते म्हणून, बॅटरीचा डबा पिशवीत घालून काल निघाले. पडद्यावर त्यांचा ठिपका नाही, पण घोडीचा आहे. सकाळपासून एकाच जागी. 'दम खातंय'.

घोडीचं यंत्र बदलणे: बाकी.